नव्याचे नऊ दिवस संपल्यावर

प्रश्न : वय ३६, मोशीत राहते. मिस्टर चाकणच्या कंपनीत, दर सोमवारी शिफ्ट बदलते. मी घरून दोघातिघांची अकाउंट्स बघते, संध्याकाळी शिकवणी घेते. मुलगी चौथीत, सासूबाई सोबत. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात रात्री एकपर्यंत जागते, त्यांना गरम वाढते, सोबत अर्धा कप चहा होतो. सकाळी बरी असते, पण चारच्या सुमारास काहीतरी बिनसतं. परवा मुलीच्या हातून पाण्याचा ग्लास पडला तर इतकी ओरडले की ती पलंगाखाली जाऊन बसली. नंतर मी बाथरूममध्ये रडले. पहाटे पाचला उठणं, ॲपवरचं ध्यान, कृतज्ञतेची डायरी, सगळं करून पाहिलं. आठ-नऊ दिवस चालतं, मग बंद पडतं. माझ्यातच जिद्द नाही का? रोज काय केलं की मन थाऱ्यावर राहील?

उत्तर : जिद्दीचा मुद्दा आधी निकालात काढू. तुमचा नियम आठव्या-नवव्या दिवशी मोडतो आणि तुमच्या घरातली पाळी दर सात दिवसांनी बदलते. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघितलेत का कधी? पाचला उठण्याचा बेत तुम्ही बहुधा फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात सुरू केला असणार, कारण तेव्हा घर तसंही पहाटे जागं असतं. सोमवारी सेकंड लागली, रात्री दीड वाजला, आणि मंगळवारी पाचचा गजर म्हणजे साडेतीन तासांची झोप. असा नियम कोणाचाही मोडेल. माझाही मोडेल, आणि मी हेच काम एकवीस वर्षं करते आहे.

म्हणजे तुमची आरंभशूरता नडत नाहीये. तुम्ही दिनक्रम एका आठवड्याच्या मापाने शिवलात आणि तुमचं घर तीन मापांचं आहे.

आता हे थोडं उलगडून सांगते, कारण कारण कळलं की उपाय टिकतो. आपल्या मेंदूत खोलवर पेशींचा एक छोटा पुंजका आहे, तो शरीराचं मुख्य घड्याळ चालवतो. गंमत म्हणजे हे घड्याळ बरोबर चोवीस तासांचं नसतं. बहुतेकांत ते किंचित जास्त, चोवीस तासांवर काही मिनिटं असं चालतं, त्यामुळे रोज बाहेरून त्याला चावी द्यावी लागते. सगळ्यात मोठी चावी म्हणजे सकाळचा उजेड. पण माणसांचीही चावी लागते : कोणीतरी उठवणं, सोबत जेवणं, कामाला ठरल्या वेळी बसणं. १९८८ साली एलर्स, फ्रँक आणि कुप्फर या संशोधकांनी मांडलं की नोकरी सुटली, जोडीदार गेला, घर बदललं की माणसाचा तोल जातो त्यामागे दुःखाइतकाच या रोजच्या वेळा विस्कटण्याचाही हात असू शकतो. त्यातल्या एलन फ्रँक यांनी पुढे पिट्सबर्गमध्ये बायपोलर आजाराच्या, म्हणजे मन कधी टोकाच्या उत्साहात तर कधी टोकाच्या उदासीत जाणाऱ्या लोकांसाठी याच विचारावर एक उपचारपद्धतच उभी केली. त्यात ध्यान नाही, डायरीत सुविचार नाहीत. रोजच्या पाच वेळा लिहायच्या : अंथरुणातून उठलो केव्हा, दिवसातलं पहिलं माणूस भेटलं केव्हा, कामाला लागलो केव्हा, रात्री जेवलो केव्हा आणि झोपायला गेलो केव्हा. मग त्या वेळा हळूहळू एका जागी आणायच्या.

तुम्हाला बायपोलर आहे असं मी म्हणत नाहीये, ते पत्रावरून कोणी म्हणूही नये. पण ही पाच वेळांची पद्धत शिफ्टवाल्या घरांत मी वर्षानुवर्षं वापरते आणि ती जुळते.

एक उदाहरण, ओळख पटणार नाही एवढं बदलून. एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर मुलाने माझ्याकडे आणले होते. तक्रार अशी की बाबा दिवसभर चिडचिड करतात, जेवताना ताट सारतात, रात्री दोनला टीव्ही लावतात. घरात भांडण नाही, पेन्शनचा घोळ नाही, तब्येत ठीक. मी त्यांना नोकरीतला दिवस विचारला तर माणूस घडाघडा बोलायला लागला : सहा दहाची गाडी, त्याआधी स्टँडवरचा चहा, अमक्या थांब्यावर शाळेची पोरं, तमक्या ठिकाणी जेवण. तीस वर्षं हा माणूस वेळापत्रकावर टांगलेला होता आणि ३१ तारखेला कोणीतरी ते वेळापत्रकच भिंतीवरून काढून नेलं. आम्ही फार काही केलं नाही. ते रोज सहाला स्टँडवर चहाला जायला लागले. दुसऱ्या आठवड्यात स्वतःहून एक छोटी वही घेऊन आले, त्यात कुठली गाडी किती मिनिटं उशिरा लागली याच्या नोंदी. कशासाठी, हे मी विचारलं नाही. चार महिन्यांनी मुलगा म्हणाला, बाबा आता फक्त क्रिकेट बघताना चिडतात.

तर तुमच्या घरात करायचं काय?

पहिले तीन आठवडे काहीही बदलू नका. हो, तीन, कारण तिन्ही पाळ्या त्यात यायला हव्यात. दुधाचा हिशोब ज्या कॅलेंडरवर लिहिता त्याच चौकोनात या पाच वेळा लिहा आणि संध्याकाळी एक आकडा, शून्य ते दहा, चारच्या सुमारास किती बिनसलं होतं याचा. वेगळी वही नको, ॲप नको. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या काळात मी लोकांना अकरा रकान्यांचा छापील तक्ता द्यायचे. लोक तो पूर्ण भरून आणायचे, सगळ्या दिवसांच्या खुणा एकाच पेनाने, एकाच दाबाने. बाहेरच्या बाकावर बसून भरलेला असायचा. दोष त्यांचा नव्हता, माझ्या अकरा रकान्यांचा होता.

माझा अंदाज सांगून ठेवते, तुम्ही पडताळून बघा. थर्ड शिफ्टच्या आठवड्यात तुमचा आकडा चढलेला दिसेल. त्या आठवड्यात मिस्टर सकाळी येऊन झोपतात, दुपारपर्यंत घरात कुकरची शिट्टीसुद्धा जपून होते, मुलगी शाळेतून आली की तिला गप्प करायचं, सासूबाईंचा टीव्ही बारीक करायचा. तो ग्लास स्टीलचा होता का? आणि आत कोणी झोपलेलं होतं का? असेल, तर तुम्ही पाण्यावर ओरडला नाहीत. दिवसभर सगळ्यांचा आवाज दाबून धरत होतात, आणि तुमच्या सगळ्या राखणदारीवर तो ग्लास खणखणला.

तीन आठवड्यांच्या नोंदी हातात आल्या की बघायचं, कुठली वेळ तिन्ही पाळ्यांत जागची हलत नाही. तोच तुमचा खुंटा. बहुतेक घरांत ती मुलांच्या शाळेची वेळ असते. व्हॅन पावणेसातला येत असेल तर तुमचं उठणं सहाच्या आसपास ठरलेलंच आहे, फक्त रविवारी आणि सुट्टीत ते नऊवर जातं. मी तुम्हाला पाचला उठायला सांगणार नाही. रविवारी सातपर्यंत उठा, एवढंच सांगेन. झोप कमी पडली असेल तर दुपारी तीनच्या आत वीस-पंचवीस मिनिटं आडवं व्हा, पण सकाळचा खुंटा हलवू नका. झोपायची वेळ आपल्या हातात नसते, झोप लागणं तर नसतंच. उठायची वेळ बऱ्यापैकी हातात असते, म्हणून सुरुवात तिथून.

दुसरं, मुलीला व्हॅनपर्यंत सोडायला खाली जाताच. व्हॅन गेली की लगेच लिफ्टकडे वळू नका. दहा मिनिटं उघड्यावर थांबा, चाला, वॉचमनशी दोन शब्द बोला. आकाश ढगाळ असलं तरी बाहेरचा उजेड घरातल्या ट्यूबलाइटच्या कित्येक पट असतो, आणि त्या घड्याळाला तोच लागतो. हे सांगताना मला नेहमी संकोच वाटतो, कारण लोक फी देऊन येतात आणि मी म्हणते खाली उभं राहा. पण आहे ते असं आहे.

तिसरं, रात्री एकचा अर्धा कप चहा. कॅफिनचं शरीरातलं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे तुम्ही सहाला उठता तेव्हाही त्यातला निम्मा तुमच्यात जागा असतो. मला माहीत आहे की तो चहा म्हणजे चहा नाही. दिवसभरात नवऱ्याशी निवांत बोलायची ती एकच वेळ आहे. म्हणून ती सोबत तोडा असं मी म्हणणार नाही. पण ती सेकंड शिफ्टमध्ये दुपारी ते निघण्यापूर्वी, एकच्या जेवणाला हलवता येते का बघा. रात्रीचं जेवण हॉटपॉटमध्ये, भाजी गॅसवर झाकून, ते स्वतः गरम करून घेतील. सासूबाईंना हे पटायला वेळ लागेल. 'पोरगा दमून येतो' हे वाक्य येणारच. त्यावर वाद घालू नका. मिस्टरांनीच आईला सांगायचं की मला चालतं. सुनेने सांगितलं तर कामचुकारपणा ठरतो, मुलाने सांगितलं तर समजूतदारपणा. आपल्याकडचं हे गणित मला आवडत नाही, पण वापरायला हरकत नाही.

आता चार वाजताचं.

तुम्ही लिहिलंय 'काहीतरी बिनसतं'. समोर बसला असतात तर बहुधा 'मूड ऑफ होतो' म्हणाला असतात, सगळे तेच म्हणतात. हा शब्द म्हणजे एक पोतं आहे, त्यात काय काय कोंबलंय ते कळत नाही. मराठीत या एका पोत्यासाठी किती शब्द आहेत बघा : वैताग, चिडचिड, घालमेल, तगमग, हुरहुर, रुखरुख, खंत, कुचंबणा, उबग. यातला प्रत्येक वेगळी गोष्ट मागतो. नुसती चिडचिड असेल तर आधी खाल्लंय का आणि झोप झालीय का ते बघावं. हुरहुर म्हणजे कुठेतरी काळजी आहे, नक्की कशाची ते शोधावं. रुखरुख लागलेली असेल तर एखादं काम किंवा एखादं बोलणं अर्धं राहिलेलं असतं, ते संपवलं की ती जाते. कुचंबणा मात्र खाऊन, झोपून, श्वास घेऊन जात नाही. तिथे कोणाशी तरी बोलून घरातली एखादी व्यवस्था बदलावी लागते. थर्ड शिफ्टच्या आठवड्यात तुम्हाला होतंय ते मला कुचंबणेसारखं दिसतं. चूक असू शकेन.

म्हणून रोज चारला, शिकवणीची मुलं यायच्या आधी, ओट्यापाशी उभं राहून एक शब्द निवडायचा. मोठ्याने म्हणा किंवा कॅलेंडरवर त्या आकड्याशेजारी लिहा. भावनेला नेमकं नाव दिलं की मेंदूतला भीती-रागाशी जोडलेला भाग थोडा शांत होतो, असं लॉस एंजेलिसच्या मॅथ्यू लिबरमन यांच्या गटाने २००७ मध्ये मेंदूच्या स्कॅनवर दाखवलं. माझा अनुभव त्याहून साधा आहे. नाव सापडेपर्यंत जो अर्धा मिनिट जातो, तेवढ्यात हात खाली येतो.

शब्द निवडल्यावर दहा श्वास. चार आकडे मोजत आत, सहा मोजत बाहेर. एकूण शंभर सेकंद. बाहेर जाणारा श्वास लांब ठेवायचा, त्याने छातीची धडधड मंदावते. एवढं पुरे. वीस मिनिटांचं ध्यान वाईट नाही, पण तुमच्या दिवसात वीस अखंड मिनिटं नाहीत. नसलेल्या जागेत सामान लावायला गेलं की अपराधीपणा तेवढा वाढतो.

हे कुठल्या तरी रोजच्या कामाला टांगा. 'दुपारी वेळ मिळाला की करेन' असं ठरवलं तर तो वेळ मिळत नाही. 'चारला चहाचं आधण ठेवलं की शब्द आणि दहा श्वास' असं ठरवा. अमुक झालं की तमुक करायचं, असं आधीच बांधून ठेवलेलं काम जास्त वेळा पार पडतं, हे पीटर गोलवित्झर या मानसशास्त्रज्ञाने नव्वदच्या दशकापासून वारंवार दाखवलंय. आणि आधण तर तुम्ही तिन्ही शिफ्टमध्ये ठेवता.

इथे एक जण हमखास विचारतो : मनच लागत नसेल तर हे करायचं कसं, आधी मूड नको का यायला? नको. उदासीवरच्या एका उपचारपद्धतीचा सगळा पायाच हा आहे की मूडची वाट बघायची नाही, काम आधी, मूड त्याच्या मागून येतो. आपल्या शेजारी गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत हे करून बघितलं. तीव्र नैराश्याचे ४९५ रुग्ण होते आणि समुपदेशन करणारे डॉक्टर किंवा मानसशास्त्रज्ञ नव्हते, त्याच भागातली, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती. सहा ते आठ भेटी. मुख्य भर दिवसात छोटी, ठरलेली, अर्थाची कामं परत आणण्यावर. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते. नेहमीचेच उपचार मिळालेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होतं. २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं. मला यातलं आवडतं ते असं की ही कामं म्हणजे कोणाचा मळा, कोणाचं चर्चला जाणं, कोणाचं शेजारणीकडे बसणं असं काहीही असू शकतं, औषधाच्या दुकानात न मिळणारं.

तुमच्यासाठी असं एक काम निवडा, एकच. घराला उपयोगी नसलेलं. मेथी निवडणं यात धरायचं नाही, ती निवडताना मन रमत असलं तरी. बहिणीला फोन, गच्चीवर पंधरा मिनिटं, कॉलेजात शिकलेली हार्मोनियम, काय असेल ते. दिवेलागणीच्या वेळेला लावलंत तर सोपं जाईल. देवावर श्रद्धा असो-नसो, सात वाजता दिवा लावून घर पाच मिनिटं शांत करण्याची जुनी पद्धत हा एक तयार खुंटा आहे. जुन्या घरांत असे खुंटे आपोआप असायचे हे खरं आहे. ते ठोकून ठेवायचं काम एकट्या बाईकडे असायचं हेही तितकंच खरं आहे, म्हणून मी त्या काळाचं कौतुक हात राखूनच करते. दिवा सासूबाई लावतील, मुलगी लावेल. त्या वेळात तुम्ही गच्चीवर.

कृतज्ञतेच्या डायरीबद्दल : आवडत असेल तर लिहा. आवडत नसेल तर सोडा, काही बिघडत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, मोडण्याचं. हे मोडणारच आहे. गणपती येतील, मुलीला ताप येईल, मार्चअखेरीला अकाउंट्सचा ढीग पडेल. आजारपणात आपण पूर्ण ताट जेवत नाही, पेज पितो. पण पेज पितो म्हणून कोणी 'मी जेवण सोडलं' म्हणत नाही. तशी प्रत्येक नियमाची एक पेज आधीच ठरवून ठेवा. दहा श्वासांची पेज : एक श्वास. दहा मिनिटं उजेडाची पेज : बाल्कनीत उभं राहून पाण्याचा ग्लास. गच्चीची पेज : बहिणीला 'आज जमत नाही' एवढा व्हॉइस मेसेज. वाईट दिवशी पेज घेतली की नियम पाळला असंच धरायचं, कॅलेंडरवर तशीच खूण करायची.

लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ लोकांवर सवयी कशा लागतात हे तपासलं, २०१० मध्ये ते प्रसिद्ध झालं. 'एकवीस दिवसांत सवय' हे जे सगळीकडे सांगतात, त्याला त्यात काही आधार मिळत नाही. सरासरी ६६ दिवसांच्या आसपास लागले, कोणाला १८, तर कोणाला अंदाजे २५४. आणि मध्ये एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यावर फारसा परिणाम दिसला नाही. म्हणजे नवव्या दिवशी तुम्ही जे 'बंद पडलं' म्हणून सोडून दिलंत, ते चालू होतं. तुमच्यासारख्या घरात तीन-चार वेळा पाळ्यांचा पूर्ण फेरा होईपर्यंत निकाल लावू नका.

मुलीबद्दल थोडं, कारण तुमच्या पत्रात खरं दुखणारं तेच आहे. ओरडणं झालं की बाथरूममध्ये रडून बाहेर येतो आणि मग तिला बिस्किट देतो, जवळ घेतो, पण बोलत नाही, असं आपलं होतं. मुलाला वाटतं, आई रडली ती माझ्यामुळे. तेवढं बोलून टाका : "मघाशी मी ओरडले ते चुकलं. ग्लास कोणाच्याही हातून पडतो. मी दमले होते आणि बाबांची झोप मोडेल म्हणून घाबरले." एवढंच. मोठं स्पष्टीकरण नको, 'परत कधीच नाही ओरडणार' हे वचन तर अजिबात नको. हेही नियमातच धरा, आधी श्वास, मग ही तीन वाक्यं.

दिनक्रमाने न सुटणाऱ्या गोष्टीही असतात. साधी रक्ततपासणी करून घ्या : हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२. तिशी-चाळिशीतल्या किती बायका माझ्याकडे 'मानसिक' म्हणून येतात आणि हिमोग्लोबिन आठ निघतं. कॅलेंडरवर मासिक पाळीच्या तारखाही टाका. आकडा पाळीआधीच्या आठवड्यातच चढत असेल तर ती नोंद घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. दोन आठवड्यांहून जास्त काळ रोजच सगळं नकोसं वाटत असेल, उलट झोप तीन-चार तासांवर येऊनही थकवा वाटत नसेल आणि डोकं भलतंच वेगाने धावत असेल, घरात कोणी हात उगारत असेल, किंवा जगणं नको वाटत असेल, तर कॅलेंडर बाजूला ठेवा आणि मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य आहे, मराठीत बोलता येतं.

यातलं काही लागू नसेल तर येत्या सोमवारी कुठली पाळी लागते ते बघा. नोंदी कुठल्याही पाळीपासून सुरू करा. बदल मात्र फर्स्ट शिफ्टच्या सोमवारी सुरू करू नका, तो आठवडा सोपा असतो आणि फसवतो. पहिला खुंटा सेकंडच्या आठवड्यात ठोका, रात्रीच्या जेवणाचं मिस्टरांशी आदल्या रविवारीच बोलून घ्या, आणि हॉटपॉटचं झाकण नीट बसतं का ते तपासा. एका घरात सगळं ठरल्यावर बेत अडला तो सैल झाकणामुळे, पोळ्या गार व्हायच्या आणि तिसऱ्या दिवशी ती बाई पुन्हा रात्री एकला उठायला लागली.